सामायिक वाढदिवस

आमची तिन्ही मुलं हिवाळ्यात जन्मली. मोठा डिसेंबरच्या मध्याला, मुलगी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि धाकटा संक्रांत उलटल्यावर. यामागे काही योजना नव्हती. पण बदली होऊन कलकत्त्याला आल्यावर ही एक अडचणच होऊन बसली, कारण कलकत्त्यात माणसाला हिवाळ्यात आधीच फार कामं असतात.

आमच्याकडे आंब्याचं जे कौतुक, ते तिथल्या लोकांना थंडीचं. हवेत जरा गारवा आला की ट्रंकेतून डांबराच्या गोळ्यांच्या वासाचे स्वेटर निघतात, म्हाताऱ्यांच्या गळ्यात मफलर येतात आणि मुलांना माकडटोप्या घालून बाहेर काढतात. मग रविवारमागून रविवार सगळं शहर मुलांना घेऊन हिंडत असतं. चिडियाखाना म्हणजे तिथलं प्राणिसंग्रहालय, व्हिक्टोरियाची हिरवळ, म्युझियम, सर्कशीचा तंबू, आणि कुठेतरी झाडाखाली सतरंजी पसरून जेवण. बालीगंजमधल्या आमच्या इमारतीत एखाद्या मुलाने जानेवारी संपेपर्यंत चिडियाखाना पाहिला नसेल, तर जिन्यात भेटणारी मंडळी त्याच्या आईवडिलांकडे काळजीने बघत.

आम्ही दोघंही नोकरी करत होतो. पत्नी मुलींच्या एका शाळेत हिंदी शिकवायची. ती शाळा सकाळची, म्हणजे ती निघायची तेव्हा रस्त्यावर धुकं असायचं. मी साडेनऊच्या सुमाराला ट्रामने डलहौसीला कचेरीत जायचो. ती घरी परतायची आणि मी निघायचो, यांच्या मधल्या वेळात दारातच मुलांचा चार्ज द्यायचा-घ्यायचा. मोठ्याच्या बुटाचा खिळा वर आलाय, मधलीने दूध घेतलं नाही, धाकटा खोकतोय. संध्याकाळी मी खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करत असे. अशा घरात जे काम आज होणार नाही त्याला एकच उत्तर असतं, आणि ते मी दिवसातून बऱ्याच वेळा देत असे: रविवारी करू. केस कापणं रविवारी, गावाकडे पत्र रविवारी, सायकलचं पंक्चर रविवारी, व्हिक्टोरिया रविवारी. आमचा रविवार इतका भरलेला असायचा की सोमवारी कचेरीत जाऊन मी जरा बसून घ्यायचो.

त्यात वाढदिवस. मुलांना ते तारखेने हवे असत, कारण शाळेतल्या मित्रांचे तारखेने होत. पत्नीला ते तिथीने हवे असत, कारण तिच्या माहेरी तसेच होत, आणि तिच्या मते तारीख ही सरकारची आणि तिथी ही मुलाची असते. म्हणजे तीन मुलांचे सहा. कलकत्त्यातल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात हे सहाही आम्ही करून पाहिले. त्यांपैकी एकाला मी पोचलो तेव्हा केक संपला होता. एका तिथीला गोड करायचंच राहिलं आणि मग कुणाला तरी आठवलं म्हणून रात्रीच्या भातावर साखर घातली. शिवाय या सगळ्या काळात चिडियाखाना राहून गेला तो गेलाच.

दुसऱ्या वर्षी मी तोडगा काढला. नव्या वर्षातल्या पहिल्या बऱ्या रविवारी तिन्ही मुलांचा एकच सामायिक वाढदिवस करायचा, आणि तोही बाहेर, म्हणजे सहलही त्यातच उरकते. जागा मी ठरवून ठेवली होती, नदीपलीकडचं बोटॅनिकल गार्डन. तिथे तो सुप्रसिद्ध वड आहे. पाट घेऊन जायचे, वडाखाली तिघांना ओळीने बसवायचं, ओवाळायचं, जेवायचं, झाडांची थोडी माहिती घ्यायची आणि परत. रात्री जेवताना मी हे घरात जाहीर केलं. जाहीर करताना मला जे समाधान झालं ते खात्याची परीक्षा पास झाल्यावरही पुढे झालं नाही.

मोठा म्हणाला, "केक किती?"

"एक. मोठा."

"मेणबत्त्या?"

"तिघांच्या मिळून लावू."

तो मनातल्या मनात बेरीज करून पुन्हा जेवायला लागला. ती बरीच भरली असावी. धाकट्याला काही कळलं नाही. त्याला वाटलं वड खायचा असतो. मधली मात्र भाताची शितं ताटात एकीकडे सारत बसली होती.

"मग माझा कधी?" तिने विचारलं.

"रविवारी. तिघांचा."

"ते कळलं. पण माझा कधी?"

"अगं, तुझा तर गुरुवारी येतो. म्हणजे तुझा फक्त तीन दिवसांनी पुढे जातोय. दादाचा कधीच होऊन गेला आणि धाकट्याचा यायचाय. तिघांत तुझंच नुकसान सगळ्यांत कमी आहे."

या हिशोबात चूक नव्हती, आणि तिने ती काढलीही नाही. ती उठून हात धुवायला गेली.

इथे मला सांगायला हवं की ही मधली सगळ्याच बाबतीत मधली होती. झोपायला दोघांच्या मध्ये, ट्राममध्ये दोघांच्या मध्ये, फोटोत दोघांच्या मध्ये. दादाचं दप्तर तिच्याकडे यायचं आणि तिचं झालं की ते धाकट्यासाठी ठेवायचं, म्हणून तिला त्यावर नाव घालायची परवानगी नव्हती. कंपासपेटी दादाबरोबर, रजई धाकट्याबरोबर. वर्षातला तो एक दिवस तेवढा कुणाचा उतरलेला नव्हता आणि पुढे कुणाला द्यायचाही नव्हता. हे सगळं मी आत्ता लिहितो आहे. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की सहाचे एक झाले.

सामायिक वाढदिवसात काही वावगं आहे असं मला वाटण्याचं कारणही नव्हतं, कारण मी स्वतः त्याच पद्धतीत वाढलो. माझा जन्म तालुक्याच्या गावातला. शाळेत नाव घालायला वडील घेऊन गेले तेव्हा हेडमास्तरांनी जन्मतारीख विचारली. वडिलांना अक्षरओळख नव्हती, पण माहिती पक्की होती. ते म्हणाले, "जोंधळा हुरड्यात आला होता, तवा." हेडमास्तरांनी मान हलवली आणि एक जून लिहिलं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वयाचा हिशोब सोपा जायचा. आमच्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं एक जूनला जन्मली होती. पुढे कचेरीत एका बंगाली साहेबांनी माझे कागद आणि माझ्याच भागातून आलेल्या दुसऱ्या एकाचे कागद शेजारी ठेवून विचारलं होतं, तुम्ही दोघं जुळे का. पण त्या हेडमास्तरांबद्दल मी एक शब्द वावगा ऐकून घेणार नाही. त्यांनी मला वर्गात बसवलं, मॅट्रिकच्या परीक्षेला स्वतः सोबत आले, वसतिगृहासाठी चिठ्ठी दिली, आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे. एवढ्या मोठ्या उपकारात तारीख कुठे मोजायची?

तर तो आठवडा नेहमीसारखाच धावपळीत गेला. गुरुवारी मी कचेरीतून आलो तेव्हा मधली गृहपाठ करत बसली होती. केसांत नवी लाल रिबीन होती आणि रिबिनीच्या वर, भांगात, दूर्वांची एक हिरवी काडी अडकली होती. मी ती काढून टाकली आणि अंगणात लोळू नये, गवतात किडे असतात, असं सांगितलं. जेवायला बोलावलं तर ती म्हणाली, "माझं पोट भरलंय." मोठाही भाताला नको म्हणाला. हल्ली मुलं संध्याकाळी फार चणेफुटाणे खातात, असं मी पत्नीला म्हणालो. ती म्हणाली, "हो ना."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. होल्डॉलमध्ये तीन पाट, दोन सतरंज्या आणि दशम्यांचा डबा. पिशवीत तबक, निरांजन, तूपवात, हळदकुंकू, सुपारी. केकचा खोका मोठ्याच्या मांडीवर. सोबत बँकेतले एक काका आणि काकू होते. तेही बदलीवर आलेले, पुण्याकडचे. त्यांची मुलं मोठी होऊन शिकायला बाहेर होती, त्यामुळे दुसऱ्यांच्या मुलांना ओवाळायला काकूंना हौस होती. दोन बस बदलून, पूल ओलांडून आम्ही पलीकडे गेलो. वाटेत कंडक्टरने होल्डॉलवर हात आपटून कुठला लांबचा प्रवास असं विचारलं. मी वाढदिवसाला चाललोय म्हणालो. तो अर्धा रस्ता आमच्याकडे बघत होता.

सहलींच्या बाबतीत माझी एक पद्धत होती. आदल्या रात्री मी त्या त्या जागेची माहिती वाचून ठेवायचो, तिथे उभं राहून मुलांना सांगायचो, आणि घरी आल्यावर त्यांनी दहा ओळी लिहायच्या. मला कुणी चिडियाखाना दाखवला नव्हता, म्हणून माझ्या मुलांनी तो नीट पाहावा असं मला वाटे. पुढे चिडियाखाना झाला तेव्हा मधलीने लिहिलेल्या ओळी मला अजून आठवतात. "आम्ही चिडियाखान्यात गेलो. बाबांनी वाघाची पूर्ण माहिती सांगितली. तेवढ्यात वाघ आत गेला." पुढच्या सात ओळी संत्र्यांवर होत्या.

वडाखाली पोचल्यावर मी माहिती सांगितली. हे झाड इतकं पसरलेलं आहे की दुरून जंगल वाटतं. मूळ खोड कीड लागून गेलं, ते कधीच काढून टाकलं, आणि आता हे सगळं केवळ पारंब्यांवर उभं आहे. काका म्हणाले, "आमच्या हेड ऑफिससारखंच." मुलं हसली नाहीत. काकू म्हणाल्या, "अहो, झाड कुठे पळत नाही. आधी लेकरांना ओवाळू द्या, वारा पडलाय तोवर."

वारा पडलेला नव्हता. निरांजन लावलं की विझायचं. काकांनी छत्री उघडून आडोसा धरला. मी तीन पाट ओळीने मांडले. पत्नीने प्रत्येकाभोवती बोटाने रांगोळीची एकेक रेघ ओढली. मोठा डावीकडच्या पाटावर बसला, धाकटा उजवीकडच्या. मधला पाट रिकामा राहिला, कारण मधली एका पारंबीला टेकून संत्रं सोलत होती.

"ये ग, बस मधल्या पाटावर," काकू म्हणाल्या.

"मी नाही बसत."

"का ग? पाट टोचतोय का तुझा?"

"माझा झाला."

"काय झाला?"

"वाढदिवस. गुरुवारी झाला गेला." आमच्या मुलांचं मराठी हे असं होतं, हिंदीचं ठिगळ लावलेलं. पण अर्थ स्पष्ट होता.

मी समजावणीच्या सुरात म्हणालो, "बाळ, गुरुवारी तुझी तारीख होती. वाढदिवस आज आहे."

"नाही बाबा. मी गुरुवारी आठ वर्षांची झाले. आता परत कशी होऊ?"

तिने आवाज चढवला नव्हता. संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि बी हातात काढून घेतली. काका छत्री धरून उभे होते. ते म्हणाले, "साहेब, मुलीचा मुद्दा बरोबर आहे. एकदा झालेलं प्रमोशन परत कसं देणार तुम्ही?"

"पण गुरुवारी कोणी केला?" मी विचारलं.

यावर धाकटा पाटावरून म्हणाला, "मासीमांनी. पायेश होता. मी दोनदा घेतला."

मासीमा म्हणजे आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बंगाली बाई. त्यांची मुलं केव्हाच संसाराला लागलेली. आमची तिघं शाळेतून आली की आपल्या घरात शिरण्याआधी त्यांच्या घरात शिरत. मग थोडं मोठ्याने सांगितलं, थोडं मधलीने. तिने बुधवारी मासीमांना जाऊन विचारलं होतं की उद्या माझा वाढदिवस आहे, पण तो रविवारी आहे, तर उद्या मी काय करू. मासीमांना हे कोडं काही सुटलं नाही. त्या म्हणाल्या, उद्या आहे तर उद्याच ये. गुरुवारी शाळेतून आल्यावर त्यांनी तिला आसनावर बसवलं, समोर समई लावली, डोक्यावर भाताचे दाणे आणि दूर्वा ठेवून आशीर्वाद दिला, आणि खजुराच्या नव्या गुळाची ती तांदळाची खीर, जिला ते पायेश म्हणतात, ती पहिल्या घासाला स्वतःच्या हाताने भरवली. त्यांच्याकडे वाढदिवस म्हणजे तोच. तिथे केक कापला नाही तरी चालतं, पायेशाशिवाय मात्र वय वाढत नाही.

"आणि तिथे एकच आसन होतं," मधली म्हणाली.

मी पत्नीकडे पाहिलं. ती तबकातल्या अक्षता उगाच सारख्या करत होती.

"तुला माहीत होतं?"

"मासीमांनी मला विचारलं. मी नको कशी म्हणू? रिबीन मीच आणली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होते," ती म्हणाली, "रविवारी."

काकूंनी तोंडाला पदर लावला. निरांजन या वेळी विझलं नाही. मग काकूंनी मोठ्याला ओवाळलं, रिकामा पाट ओलांडून धाकट्याला ओवाळलं. केक कापला. मेणबत्त्यांतून आठ कमी करायला मधलीनेच सांगितलं. काकांनी आपल्या बॉक्स कॅमेऱ्याने फोटो घेतला. तो फोटो अजून घरात आहे. दोन मुलं दोन पाटांवर, मधे मोकळा पाट, आणि मागे पारंबीजवळ एक मुलगी, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी. आमच्या घरातला हा पहिला फोटो ज्यात ती कुणाच्या मध्ये नाही.

जेवणानंतर मोठी माणसं सतरंजीवर आडवी झाली. मधली माझ्याबरोबर वडाला वळसा घालायला आली. मला वाटत होतं की ती काही बोलेल, माफीचं वगैरे. ती पारंब्या चाचपत चालली होती.

"बाबा, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"एक जून."

"ते शाळेचं. आई म्हणते ते खरं नाही."

मी तिला हेडमास्तरांची गोष्ट सांगितली. आधीही सांगितली होती, पण ती त्यांच्या थोरवीची म्हणून. या वेळी तिने ती वेगळीकडूनच धरली.

"वर्गात सगळ्यांचा एक जून?"

"जवळजवळ सगळ्यांचा."

"मग कोणी रडलं नाही?"

"वाढदिवस करायचा असतो हे कुणाला माहीत होतं? आणि हेडमास्तरांनी ते सोयीसाठी केलं. एवढ्या मुलांच्या वेगवेगळ्या तारखा कुठून आणणार?"

"आमचं पण तुम्ही सोयीसाठी केलं?"

"हो. म्हणजे, ते वेगळं."

ती पुढच्या पारंबीकडे वळली. मी वडाची राहिलेली माहिती सांगितली नाही. बऱ्याच वेळाने तिने हुरडा म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, कोवळी कणसं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायची, हातावर चोळायची, दाणे गरम गरम खायचे.

"कधी येतो?"

"थंडीतच. याच दिवसांत, महिना मागेपुढे."

"मग तुम्ही पण हिवाळ्यातले," ती म्हणाली, आणि मला वाटतं त्या क्षणी माझं प्रकरण तिने हातात घेतलं.

सामायिक वाढदिवसाची योजना त्यानंतर मोडली. संक्रांतीनंतर धाकट्याची तारीख आली तेव्हा सकाळी तो शाळेत जाईना. माझा आज आहे, असं म्हणत दारात बसून राहिला. त्याचा पुन्हा करावा लागला. ते पाहून मोठ्याने आपला डिसेंबर थकबाकी म्हणून मागितला. पत्नीने मग सगळ्यांच्या तिथीही परत आणल्या. म्हणजे माझ्या तोडग्याने त्या वर्षी सहाचे सात झाले, आणि आठवा माझा.

मधलीने माझ्यासाठी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला एक दिवस निवडला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर खुर्चीवर उभी राहून तिने तो शोधला. त्या दिवशी घरात कुणाचंच काही नव्हतं, आजूबाजूलाही कुणाचं नव्हतं, एवढी एकच अट तिने पाहिली. तो मंगळवार निघाला.

"जवळचा रविवार बघ ना," मी म्हणालो.

तिने खुर्चीवरून माझ्याकडे पाहिलं.

"मंगळवार ठीक आहे," मी म्हणालो.

त्या मंगळवारी सकाळी निघताना तिने मला लवकर या म्हणून सांगितलं. मी यायचं कबूल केलं, आणि कबूल करताना माझ्या मनात तसंच होतं. पण दुपारी दिल्लीहून काहीतरी विचारणा आली आणि साहेबांनी थांबवून घेतलं. तिथून सुटलो तर एस्प्लनेडला मोर्चा. ट्रामची रांग जागच्या जागी उभी होती आणि आतले लोक शेंगा सोलत बसले होते. या शहरात मोर्चाला कुणी घाईत नसतं. मी थोडा चाललो, थोडा बसला लटकलो. ट्राममध्ये बसून राहिलो असतो तर बरं, असं वाटण्याइतका वेळ लागला. बालीगंजला उतरलो तर सगळीकडे अंधार, लोडशेडिंग. वाटेत माझ्या मनात आलं की आपण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या वाढदिवसाला जातोय आणि त्यालाही उशीर होतोय. हे वाक्य मी घरी गेल्यावर विनोद म्हणून म्हणायचं ठरवलं, आणि जिना चढता चढता रद्द केलं.

वरच्या मजल्यावर मासीमा कंदील घेऊन दारात उभ्या होत्या. मुलगी केव्हाची बसून आहे, एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून आलेला वाटीभर पायेश आमच्या ओट्यावर झाकून ठेवलेला होता, वर जाड साय धरली होती. बाहेरच्या खोलीत जमिनीवर एक पाट मांडला होता आणि त्याभोवती रांगोळी होती, चांगली ठसठशीत, फुलं काढलेली. कुणाच्या तरी पायाने एका फुलाची पाकळी पुसली होती आणि ती पुन्हा काढलेली दिसत होती. मधली भिंतीला टेकून बसली होती.

"मोर्चा होता," मी म्हणालो.

"दमलात ना?" ती म्हणाली. "मग रविवारी करू या का?"

ती चिडून बोलली नव्हती. अगदी माझ्याच आवाजात बोलली, तो आवाज मी ओळखला. तिच्या आईने कंदिलाची वात वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"नको," मी म्हणालो. "आजच."

मी हातपाय धुतले, कोट काढला, टोपी मात्र मिळेना म्हणून डोक्यावर रुमाल ठेवला आणि पाटावर बसलो. भाऊबीज आणि लग्न सोडलं तर मला कुणी असं ओवाळलं नव्हतं, आणि त्या दोन्ही वेळी आजूबाजूला माणसं होती, सगळ्यांच्या नजरा वाटल्या गेल्या होत्या. इथे सगळे एका माझ्याकडेच बघत होते. हात कुठे ठेवावे ते कळेना. पत्नीने कुंकू लावलं, सुपारी फिरवली, तबक उचललं. मोठ्याने विचारलं, "बाबा किती वर्षांचे झाले?" मी कागदावरचं वय सांगायला लागलो तर मधली म्हणाली, ते शाळेचं. मग खरं किती, हे कुणालाच सांगता येईना. थोडा विचार करून ती म्हणाली, "मग आज पहिला."

"बाबा एक वर्षाचे?" धाकट्याला हे फार आवडलं. तो उठून आला, पाटाच्या एका कडेवर माझ्याशेजारी टेकला आणि ओवाळून घ्यायला मान पुढे केली. पाट मोठा होता, दोघं मावत होतो. मी जरा सरकून त्याला जागाही करून दिली.

मधलीने त्याला दंडाला धरून उठवलं.

"आज तुझा नाही," ती म्हणाली.